अंगठा खाली येईना

प्रिय नीरजदादा,

विनीताचा वाकून नमस्कार. (तू सहा वर्षांनी मोठा म्हणून नेहमीच वाकते, या खेपेला जरा जास्तच, ते का ते पुढे कळेल.) वहिनींची पाठ कशी आहे? मुलांना बेंगळुरूची शाळा मानवली का? इकडे सगळं ठीक आहे, असं लिहिणार होते, पण डायरीत मी खोटं लिहीत नाही, पत्रात लिहिलं तर सवय लागायची. तू तुझ्या आईला, आमच्या कस्तुरीकाकूला, चौदा तारखेला कायमची तिकडे न्यायचं ठरवलं आहेस आणि इथलं स्नेहलतागंजातलं घर रिकामं करणार आहेस. हे पत्र त्याबद्दलच आहे, पण आधी माझ्या कामाचं ऐकावं लागेल, कारण घोटाळा तिथून सुरू झाला.

ॲप वापरताना लोक कुठे अडखळतात ते शोधून काढणं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. (प्रतापकाका होते तेव्हा म्हणायचे, "म्हणजे लोक चुकले की तुला पगार." तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, यापेक्षा नेमकं वर्णन मलाही जमलेलं नाही.) काकांनी तीस वर्षं लूनावरून घरोघरी हिंडून इथल्या मराठी कुटुंबांची जी सूची केली, तिचं ॲप करायचं मराठी मंडळाने ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं. चाचणीला नमुन्याचं एक कुटुंब लागतं. दुसऱ्यांचे पत्ते परक्यांना दाखवणं मला पटेना, म्हणून आपलंच घेतलं. वर काकूचं नाव, त्याखाली तू कळवलेला बेंगळुरूचा नवा पत्ता, आणि सर्वांत खाली मोठं निळं बटण: "माहिती बरोबर आहे."

पहिले आले सियागंजातले एक मसाल्याचे व्यापारी. सगळं सराईतपणे वाचलं, अंगठा बटणाकडे नेला आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर थांबवला. मग मागे घेतला. पुन्हा नेला, पुन्हा मागे. मी विचारलं, बटण दिसत नाही का? "दिख तो रिया है ताई, पण दाबवत नाही. नको वाटतंय, बस." मी वहीत लिहिलं, रंग फिका असावा. रंग बदलला. दुसऱ्या आल्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांचा अंगठा तिथेच थांबला. मग मी बटण मोठं केलं, वर नेलं, शब्द बदलले. सात माणसं झाली, सातही अंगठे दाण्याएवढ्या अंतरावरून परतले. (मीच नकळत चेहऱ्याने काही सुचवते आहे का, या शंकेने शेवटच्या तिघांच्या वेळी मी पडद्यामागे बसले. फरक पडला नाही.) माझा सहकारी प्रणव याला कशाचीच भीती नाही. म्हणाला, "दीदी, कशाला डोकं लावता? टाइमर टाकू. पाच सेकंदांत पान आपोआप पुढे." टाकला. पाच, चार, तीन, दोन, आणि आकडा दोनवर थांबला. दुपारचे साडेतीन वाजले होते, पंखा चालू होता, आणि प्रणव पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता म्हणाला, "चहा घेऊन येतो."

त्या दिवशी काकू डबा द्यायला ऑफिसात आली होती. ती मागे उभी राहून हे बघत होती, ते मला कळलंच नाही. शांतपणे म्हणाली, "विनू, ह्यांच्या दहाव्याला कावळाही असाच करत होता."

तुला आठवत असेल. दीड तास पिंडाजवळ येऊन परत जाणारा तो कावळा. सगळ्यांनी हात जोडून काही ना काही कबूल केलं, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. (तू एकटाच काही बोलला नाहीस, असं डायरीत आहे. तक्रार नाही, नोंद आहे.) म्हणजे प्रणवचा टाइमर हा दर्भाचाच कावळा झाला, आणि तोही काकांनी चालू दिला नाही.

मग, दादा, आम्ही ते केलं. मोबाइल टेबलावर ठेवला, प्रणवला अंगठा तयार ठेवायला सांगितलं, काकूने पदर सावरून हात जोडले. "अहो, लूना विकत नाही." प्रणवचा अंगठा खाली गेला, थांबला. "अहो, तुमचा तो भयंकर केशरी पडदा राहू देते." थांबला. "अहो, तुमच्या बहिणीशी बोलेन." अंगठा जरा हलला (हे माझ्या मनाचे खेळ असू शकतात) आणि थांबला. काकूचे डोळे भरून आले. तेव्हा मी, एम.ए. झालेली बाई, मोबाइलकडे बघून मोठ्याने म्हणाले, "काका, नीरजदादा काकूला इथून हलवणार नाही. त्याच्या वतीने मी शब्द देते."

अंगठा टेकला. पुढचं पान उघडलं. त्यावर जमा झालेला पत्ता होता स्नेहलतागंजचा. तो कोणीही टाइप केला नव्हता. प्रणव म्हणतो, जुनी माहिती मेमरीत अडकली असणार. त्याचं बरोबर असेलही. पण हे सांगताना तो पायात बूट घालून दारात उभा होता.

तुझी न विचारता शब्द देणारी,
विनीता

ता. क. चौदा तारखेचं तिकीट रद्द कर. तुझ्या नावाने खोटं बोलायचा मला अधिकार नव्हता, म्हणून ते तू खरं करावंस ही विनंती. मला काकू इथे हवी आहे म्हणून तर मी ते बोलले नाही ना, हे तपासायला डायरीची चार पानं लागली. उत्तर आलं नाही.

ता. क. २. काल काकूने मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवला, वर झाकण घट्ट लावलं, मला गच्चीवर नेलं आणि कानात सांगितलं, की महिनाभर नातवंडांकडे राहायला तिला फार आवडेल. तेव्हा परतीचं तिकीट आधी काढ, जाण्याचं नंतर. आणि उत्तर फोनवर देऊ नकोस. मीही हे म्हणूनच कागदावर लिहिलं आहे.