आईची गोळी बंद केली

प्रिय नितेश,

फोनवर तू गोळीचंच विचारतोस. डोस किती, उलटीत आदल्या दिवशीचं अन्न होतं का. मी उत्तरं देते आणि आईचं सांगायचं राहून जातं. शेजारचे देवानंदभाऊ उद्या अमरावतीला चाललेत, त्यांच्या हाती हे पत्र देतेय.

तुझं संशोधनच या गोळ्यांवरचं, म्हणून आईच्या विसरण्यावर तूच ही सुचवलीस. गुण आला होता रे! चहा घेतला की नाही हे न आठवणाऱ्या आईनं संक्रांतीला जठारपेठेतल्या माझ्या शेजारणींना नावानिशी हाका मारल्या. शेंदूरजनाघाटच्या आपल्या बगीच्यात बाबांनी डिंक्या रोग लागलेली संत्र्याची झाडं कुठली तोडली, तेही सांगितलं. मी किती दिवसांनी मोकळी हसले.

मग उलट्या सुरू झाल्या. इथल्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली. जठरातून अन्न पुढे जातं, ते तोंडच गाठीनं आवळत आणलेलं. गोळी जठराला जोर करायला लावते आणि पुढे वाट नाही, म्हणून ती बंद करा म्हणाले. ऑपरेशन तिच्या हृदयाला सोसणार नाही. गाठ गोळीनं झालेली नाही, आधीपासूनची आहे, हे त्यांनी तुलाही सांगितलं. तुला ते पटलं नाही. तू जुन्या रुग्णांच्या नोंदी चाळत बसलास.

आईला मी सगळं समजावलं तेव्हा ती म्हणाली, "नितेश येऊन जाऊ दे, मंग बंद कर. त्यानं आई म्हणलं अन् मी नुसती पायतच रायली, तं त्याच्या जीवाले काय वाटन?"

मी तुला बोलावलं. "एवढं काम हातावेगळं करून येतो," म्हणालास. ती गोळीसाठी हात पुढे करायची आणि मग पोट धरून पडायची. शेवटी मला बघवेना. बंद केली.

आता मी तिच्यासाठी कुणी कामाला ठेवलेली बाई आहे. परवा अंग पुसताना माझा हात धरून म्हणाली, "बाई, तुमी लय करता माह्यासाठी. तुमाले माय हाये का?" मी हो म्हटलं.

पाणीही खाली उतरत नाही. डॉक्टर घरी न्या म्हणतात, म्हणून रविवारी तिला शेंदूरजनाघाटला नेतेय. तुझं उत्तर सापडलं तरी तिला आता त्याचा उपयोग नाही. तिनं तुला ओळखावं, ती वेळही गेली. खोटी आशा दाखवत नाही. परका समजून ती पदर सावरेल. तू तरी ये. तिच्यासाठी नको, माझ्यासाठी ये. त्या घरात मला ओळखणारं आता तुझ्याशिवाय कुणी नाही.

तुझीच,
प्रणालीताई