चौकीदाराचा आधार

तीर्थरूप आत्यास नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? (मागच्या पत्रात तू दोन पानं त्याच्यावरच खर्च केलीस, म्हणजे तो जोरात असावा.) मी बरी आहे. मी वाळले असं बाबा तुला सांगत असतील. वजन तेवढंच आहे; मी मोजते.

पत्राचं कारण असं, की चार महिन्यांपूर्वी तू फोनवर जे बोललीस त्यामुळे माझी नोकरी जायची वेळ आली होती. दोष देत नाही, फक्त क्रम सांगते.

मी इथे जे शिकते आहे ते साधंच आहे. एका जिवाणूचा सगळा जनुकसंच वाचून झालेला असतो, म्हणजे चाळीस लाख अक्षरं एका ओळीत, मध्ये ना जागा ना पूर्णविराम. त्यात एकेक जनुक कुठे सुरू होतं, कुठे संपतं हे शोधायचं आणि ते काय काम करतं याचं लेबल लावायचं. बहुतेक लेबलं संगणकच लावतो: दुसऱ्या जिवाणूत तसंच जनुक सापडलं की त्याचं नाव इकडे उतरवतो. (शाळेत शेजारणीच्या वहीत बघून लिहायचो, तेच, इथे त्याला पद्धत म्हणतात.) जिथे काहीच सापडत नाही तिथे माणूस बसवतात. सहा महिन्यांच्या उमेदवारीवर बसवलेलं ते माणूस म्हणजे मी.

एका जनुकाशी अकरा दिवस झटत होते, तेवढ्यात तुझा फोन आला. माझ्या तोंडून गेलं, की याच्या दोन्ही बाजूंना मिठाची ने-आण करणारी जनुकं आहेत आणि हे मधलं काय करतं ते कळत नाही. तू म्हणालीस, "अगं, दोन कोठारांच्या मधोमध नुसता बसून असतो तो चौकीदार! एवढं शिकून काय केलंस?" (तीस वर्षं गोदामात लेबल उडालेली खोकी शेजारच्या खोक्यांवरून ओळखलीस, त्याचा हा तोरा.) मला हसू आलं. सरावाच्या फाइलमध्ये मी लिहिलं, 'चौकीदार प्रथिन'. 'कशाच्या आधारावर' हा रकाना रिकामा ठेवला तर फाइल जतनच होत नाही, म्हणून तिथे लिहिलं, 'आत्या'.

सरावाच्या आणि खऱ्या फाइलच्या नावात एका आकड्याचा फरक असतो. मी चुकीची पाठवली. ती सगळ्यांना खुल्या असलेल्या माहितीसाठ्यात गेली आणि पाच प्रयोगशाळांच्या संगणकांनी ते नाव निमूटपणे उतरवून घेतलं.

गेल्या महिन्यात आमच्या प्रमुख बाईंनी बोलावलं. मी रागावून घ्यायच्या तयारीने गेले, तर त्या खूश. पाच ठिकाणी स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष निघालाय, त्या म्हणाल्या, आता तुला कायम करायला हरकत नाही. कायमचा कागद टेबलावर होता, सहीपुरती जागा मोकळी. त्याच्या शेजारी एका प्रयोगशाळेचं पत्र होतं: संदर्भ 'आत्या' आम्हाला मिळत नाही, प्रकाशनाचं वर्ष कळवावं.

गप्प बसता आलं असतं. पण मी सांगितलं, की पाचही नावं माझ्याच फाइलमधून गेली आहेत आणि आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. बाईंनी पेनाला टोपण लावलं. "कुठे असतात?" "गोदामात होत्या. आता निवृत्त." एवढंच बोलणं झालं. लेबल काढून 'कार्य अज्ञात' लावलं, पाच माफीपत्रं लिहिली, आणि माझी उमेदवारी तीन महिन्यांनी वाढली.

त्यामुळे यापुढे मी तुझ्याशी कामाबद्दल अवाक्षर बोलणार नाही. गुडघ्याबद्दल अवश्य बोलू.

तुझी भाची

ता. क. समोरच्या खोलीतल्या प्रयोगवाल्याने काल जिवाणूतून ते जनुक काढून टाकून बघितलं. जिवाणू वाटेल तेवढं मीठ आत घेत सुटले आणि फुटले. बाईंनी 'चौकीदार' परत लावायला सांगितलं. आधार: प्रयोग. तुझं नाव कुठेही नाही.

आणखी एक. सोबतच्या कागदावर सात जनुकं आणि त्यांचे दोन्हीकडचे शेजारी लिहिलेत. उलट टपाली कळव. या वेळी कारणासकट लिही. गुडघ्याचं शेवटी.