स्टीलचा चिमटा

मॅडम, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि माझ्या हातून तुमच्यावर होणारा अन्याय अजून थांबलेला नाही. तुमच्याकडे पीएच.डी. करताना मी दोन वेगळ्या ऑक्साइडचे पातळ थर एकावर एक चढवले होते. सुटे असताना दोन्ही चुंबकाला दाद देत नसत, पण जोडीनं ठेवले की यंत्र चुंबकत्व दाखवायचं. ते दोघांच्या सांध्यातूनच येतंय, असं मी छातीठोकपणे लिहून आणलं. तुम्ही कागद बाजूला ठेवलेत. "नमुना कशानं धरला होता गा?" "स्टीलच्या चिमट्यानं." "मग हे थराचं चुंबकत्व आहे का चिमट्याच्या लोखंडाचं, मले कसं समजावं? प्लास्टिकचा चिमटा घे, नवा नमुना कर." मी उखडलो. स्टेनलेसच्या ताटाला कधी चुंबक चिकटतं का, असं उलट तुम्हालाच विचारलं. तुम्ही हटला नाहीत. नेमका तेव्हाच थर चढवायच्या यंत्राचा पंप बिघडला, आणि तो दुरुस्त होईपर्यंत परदेशातल्या लोकांनी तसाच शोध छापला.

मग एका दुपारी, भर उन्हात, तुम्ही धरमपेठेतल्या माझ्या खोलीवर येता. हातात कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्यांचा डबा. कूलरसमोर बसायलाही तयार नाही. "माझ्यामुळे तू मागे राहिला गा. चुकलं माझं." तुमचे डोळे भरून आलेले. मी मोठ्या मनाचा आव आणून म्हणतो, "जाऊ द्या मॅडम." वड्या मात्र सगळ्या खाल्ल्या.

गाईडच्या चिमट्यापायी जगात पहिला यायचा राहिलो, हा किस्सा मी तेव्हापासून रंगवून सांगत आलोय. मागच्या महिन्यात माझ्या विद्यार्थिनीला तोच जुना नमुना सरावासाठी मोजायला दिला. चुंबकत्व दिसलं. मग तिनं चिमट्यानं धरायच्या कडा तेवढ्या आम्लानं पुसल्या आणि पुन्हा मोजलं. "सर, आता काहीच नाही येऊन राहिलं. थर तर जसेच्या तसे आहेत. लोखंडच होतं ते." परदेशातल्या त्या लोकांचं पुढे इतरांनीही पडताळलं, ते खरं होतं; माझं नव्हतं. तुम्ही मला तोंडघशी पडण्यापासून वाचवलंत, आणि वर माझीच माफी मागून गेलात. मला तिच्याकडे मान वर करून बघवेना.

हे लिहून झालं की फाडून टाकणार आहे. परवा मिहानमधल्या एका कंपनीत भाषण होतं. आज खरं सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. पण लोक त्या किस्स्याचीच वाट बघत होते, आणि मी तो पूर्वीसारखाच सांगितला. मॅडम, तुमच्या आवाजाची नक्कलसुद्धा केली.