कॉलरच्या आतली पट्टी

मार्फत ५६ एपीओ
९ डिसेंबर १९८४

तीर्थरूप बाबांस, धरमपेठच्या दुकानी दिवाकरचा साष्टांग नमस्कार.

मी धडधाकट आहे. आईचा गुडघा कसा आहे?

पलीकडच्या फौजेचे ठिपक्यांचे कपडे दुरून आमच्यासारखेच दिसतात. हवालदारसाहेब म्हणतात, दोघांनाही याच झाडीत आणि मातीत लपायचे, मग रंग वेगळे कुठून येणार? शिवाय एका देशाची छपाई दुसरा देश उचलतो. म्हणून ओळखीसाठी मी साठ जणांच्या कॉलरच्या आत पांढरी पट्टी शिवली. स्वतःचीच राहिली.

काल पहाटे पहाऱ्यावरच्या शालिकरामने माझ्यावर बंदूक रोखली. तो काटोलचा. "कॉलर उलटून दाखव!" मी उलटली. "पट्टी काहून नाही गा?" मी नाव सांगणार होतो. तेवढ्यात तो हसला. "अबे, गळ्यात टेप! हा तं आपला टेलर मास्तर!"

दुकानात मापाची टेप गळ्यातून काढली की तुम्ही किती रागावायचात. मी मनात चिडत असे. आज तुमचे पाय धरावेसे वाटतात.

माझी पट्टी आता शिवली आहे, दुहेरी टाक्याने. आईला बंदुकीचे सांगू नका. दिवाकरने टेप हरवली नाही, एवढेच सांगा.

तुमच्या हाताखाली शिकलेला,
दिवाकर