सात मिनिटं

रत्नागिरी,
१४ डिसेंबर २०२५

ती. तुळसावहिनींना योगिनीचा नमस्कार.

नावाआधी 'सौ.' लिहून खोडलेलं दिसेल. चाळीस वर्षांची हाताची सवय. दुसरा कागद घेणार होते, मग म्हटलं राहू दे.

मी बरी आहे. जेवते, झोपते. गुडघा आहे तसाच. शेजारच्या वेदिकाने काल आंबोळ्या दिल्या, खाल्ल्या; कशा होत्या ते सांगता येणार नाही. आप्पा गेल्यापासून असंच आहे. रडूही येत नाही. तेराव्याला बायका माझ्याकडे बघत होत्या, ते मला दिसत होतं.

नवीन स्थानकाबद्दल माझी बडबड तुम्ही दोन वर्षं ऐकलीत. रेल्वे स्टेशनला लागूनच एसटीचं स्थानक, दोन्हींवर एकच छप्पर, आणि गावातला स्टँड बंद. पत्रकात लिहिलं होतं, 'शहराला नवसंजीवनी'. मी पेपरात पत्र धाडलं, 'शहर मेलं कधी ते आधी कळवा.' लोकांचे शाबासकीचे फोन आले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. माझं बोलणं पहिल्यांदाच कुणी ऐकत होतं. डोक्यात गेलं. त्या स्थानकात पाऊल टाकणार नाही, असं भर सभेत सांगून बसले.

काल गेले. स्थानक चांगलं झालंय. गाडीतून उतरलेली माणसं पुलावरून थेट एसटीच्या फलाटांवर येतात, सामान ओढत, न भिजता. म्हाताऱ्यांसाठी उतार आहे, बाक आहेत, बायकांची मोरी स्वच्छ आहे. तुमच्या हेदवीची गाडी फलाट नऊवर लागते. माझ्या दारापासून रिक्षाने अकरा मिनिटं.

वहिनी, हे अकरा मिनिटांचं मुद्दाम लिहिलंय.

आप्पाच्या फिटच्या गोळ्या मी दर महिन्याला इथल्या डॉक्टरांकडून घेऊन दुपारच्या गाडीने पाठवायची. ड्रायव्हर नितेशच्या हातात पुडी द्यायची, आप्पाने स्टॉपवर येऊन घ्यायची. पावती नाही, सही नाही. कोकणात डबे, औषधं, लग्नाच्या पत्रिका अशाच जातात.

नवीन स्थानक सुरू झालं त्याच्या आदल्या दिवशी, नऊ नोव्हेंबरला, नितेश स्टँडवर मला भेटला. म्हणाला, "मॅडम, उद्यापासून गाडी तिकडनं सुटेल. पुडी तिकडं घेऊन या. नायतर आत्ताच द्या, मी डब्यात ठेवतो."

पुडी पर्समध्येच होती. मी म्हटलं, "गाडी इथूनच सुटेल. नाहीतर मी आहे आणि ते आहेत."

"तुमी काय ऐकायच्या नाय," म्हणाला आणि हसला.

दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या स्टँडवर फलक घेऊन बसले. बारा जण येणार होते, तिघं आले. दोन वाजले, अडीच वाजले. फोटो काढायला एक मुलगी आली, तिला मी मुलाखत दिली. पुडी मांडीवरच्या पर्समध्ये.

संध्याकाळी आप्पाचा फोन. "गो योगिनी, पुडी नाय आली. माझ्याकडची संपली."

मी म्हटलं, "दिली मी. विसरला असेल तो मेला. उद्या बघते त्याच्याकडे."

एवढंच बोलणं. खरं सांगितलं असतं तर तुमचा गौरव तेव्हाच मोटरसायकल काढून चिपळूणला गेला असता. आप्पाने माझ्यावर विश्वास ठेवला आणि तो थांबला. सकाळी विहिरीवर पंप चालू करायला गेला, तिथे त्याला फिट आली. पुढचं तुम्ही पाहिलंत, मी नाही.

तेराव्याला तुम्ही विचारलंत, "वन्सं, पुडी दिली होती ना?" मी हो म्हटलं. गौरवने नितेशविरुद्ध डेपोत अर्ज दिला. सही त्याची, मसुदा माझा. 'अक्षम्य हलगर्जीपणा' हे शब्द माझे. सुंदर उतरला होता अर्ज.

परवा नितेश घरी आला. मला वाटलं, भांडेल. चप्पल दाराबाहेर काढून उभा राहिला. त्याला गाडीवरून उतरवलंय. चौकशीत दुसरा ठपकाही आहे: उद्घाटनाच्या दिवशी हेदवीची गाडी सात मिनिटं उशिरा सोडली. कंट्रोलर ओरडत होता, तरी याने सोडली नाही.

"तुमी येताव म्हणून थांबलो होतो," म्हणाला. "वाटलं, म्हातारी रागाची हाय, पण भावाचं औषध हाय, येईलच."

मी त्याला पाणीही विचारलं नाही.

चौकशी शुक्रवारी आहे. मी जाणार आहे. शाळेत नन्स सांगायच्या, चूक कबूल करायची तर आधी उभं राहा, मग बोला. गुडघा दुखला तरी उभी राहीन. पुडी तुम्हाला पाठवत नाही, ती साहेबांच्या टेबलावर ठेवायची आहे. दोरा अजून सोडलेला नाही. पण परक्या माणसांच्या आधी हे तुम्हाला कळायला हवं होतं. गौरवला वाचून दाखवा, किंवा त्याच्याच हातात द्या. त्याने अर्ज मागे घ्यावा, हे मी सांगायचं नाही. पण घ्यावा.

क्षमा मागत नाही. मागायला काहीतरी वाटावं लागतं, आणि अजून काहीच वाटत नाही. वाटेल तेव्हा काय होईल, त्याची मात्र भीती वाटते.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. उद्या दुपारी गाडीवर जो कोणी ड्रायव्हर असेल, त्याच्या हातात देईन. ते तुमच्या हाती आलं असेल, तर समजा, मी फलाट नऊवर वेळेत पोचले.

खाली 'तुमची वन्सं' असं लिहीत नाही. ते तुम्ही म्हणायचं, की नाही म्हणायचं.

आप्पाची बहीण,
योगिनी