दोन्ही गुडघ्यांवर नीकॅप

ताई,

हे पत्र पोस्टात पडणार नाही, म्हणूनच खरं लिहितेय.

तुझ्या उंच लेकीचा, आपल्या ‘शिडी’चा, उजवा गुडघा त्या बास्केटबॉल सामन्याच्या आठवडाभर आधीपासून दुखत होता. तू विचारलंस तेव्हा मी म्हणाले, "छे, कुठे काय?" सामना बघायला कॉलेजसाठी खेळाडू निवडणारे सर येणार होते. त्यांची नजर चेंडूवर नसते, मुलगी बाकाकडे परतताना कशी चालते त्यावर असते. म्हणून कोच या नात्यानं मी अख्ख्या संघाला दोन्ही पायांत नीकॅप घालायला लावल्या. कुणाचा कुठला पाय दुखतोय ते कळायलाच नको. शिडीला दम भरला, "लंगडलीस तर माझ्याशी गाठ आहे."

ती हसली. "मावशी, नाचत जाईन."

तिसऱ्या क्वार्टरनंतर सर म्हणाले, "ही मुलगी आम्हाला हवी." चौथ्यात ती उडी मारून खाली आली, ती उठलीच नाही.

आठ वर्षं झाली. ती अजून कठड्याला धरून एकेक पायरी उतरते म्हणे. माझ्या संघातल्या मुली अजून दोन्ही गुडघ्यांवर नीकॅप घालतात. त्यांना तो संघाचा शकुन वाटतो. मीच तसं सांगितलंय.

काल सरावानंतर एक नवी, उंच पोरगी बाकाकडे फारच जपून, सरळ चालत गेली. मी विचारलं, "काही दुखतंय का गं?"

"छे, कुठे काय?"

रविवारी सर येणार आहेत, ताई. मी पुढे काही विचारलं नाही.

तुझी,
जिच्या भरवशावर तू पोर सोडलीस ती