बाईंचं प्रथिन

बाई, तुम्ही गेलात त्यालाही आता एक पिढी उलटली. वाघोलीच्या आमच्या कॉलेजात तुम्हाला पाहिलेलं कुणी नाही, तरी शिकवताना मी "आमच्या बाई" अशी सुरुवात केली की मुलं एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत.

तुमच्या हाताखाली मी पीएच.डी. करत होते ते दिवस. पेशीच्या आत निरोप पोचवणारं एक प्रथिन ॲलर्जीच्या दम्याला चिथावणी देतं, असं तुम्ही कितीतरी वर्षं मांडत आला होतात. विभागात सगळे त्याला 'बाईंचं प्रथिन'च म्हणायचे. ते ज्यांच्या शरीरात तयारच होत नाही असे उंदीर तुम्ही मोठ्या खटपटीने मिळवलेत. त्यांच्यात आणि साध्या उंदरांत अंड्यातल्या पांढऱ्या बलकाची ॲलर्जी निर्माण करायची, मग श्वासनलिका आवळणारं औषध हुंगवायचं आणि ती किती आवळते ते मोजायचं, हे माझं काम. प्रथिनच नाही म्हणजे श्वास मोकळा राहणार, अशी आपल्या दोघींची खात्री. झालं भलतंच. साध्या उंदरांपेक्षा यांच्याच श्वासनलिका जास्त आवळल्या.

मी आलेख घेऊन तुमच्या खोलीत उभी आहे. तुम्ही चष्मा वर सरकवून बराच वेळ बघता. "पिंजऱ्यांची अदलाबदल नाही ना झाली?" "नाही, बाई." माझी पीएच.डी. बुडाली, एवढंच माझ्या डोक्यात. "मग तोंड पाडून काय उभी राहिलीस? उंदरांनी माझे पेपर वाचलेले नाहीत. पुन्हा कर. आणि या वेळी कुठला उंदीर कुठला, हे तुलाही कळता कामा नये." पिंजऱ्यांवर खुणा तुम्ही स्वतः केल्यात. उत्तर तेच आलं.

विभागाच्या बैठकीत मी ते मांडायला उठले, तर एक ज्येष्ठ सर मध्येच म्हणाले, "हे बाईंच्या म्हणण्याच्या अगदी उलट जातंय. मुलीचा हात अजून बसलेला दिसत नाही." तुम्ही पहिल्या रांगेतून उठलात. "हात उत्तम बसलाय तिचा. इतकी वर्षं मी ज्याला चिथावणीखोर म्हणत होते, तो लगाम निघालाय. माझं चुकलं, आणि ते हिनं शोधून काढलंय. आता तिला बोलू द्या." मग खाली बसून, पहिल्या वर्षाच्या मुलीसारख्या माझं बोलणं लिहून घेऊ लागलात. त्या संध्याकाळी स्वारगेटला बसच्या रांगेत उभी असताना माझा आलेख मी विसरूनच गेले होते. या माझ्या बाई आहेत, असं रांगेतल्या प्रत्येकाला सांगावंसं वाटत होतं.

काल माझ्या एका विद्यार्थिनीने माझा जुना निष्कर्ष खोडून काढला. भरल्या वर्गात मी म्हटलं, "माझं चुकलं, तुझं बरोबर आहे." काय उजळला तिचा चेहरा! अभिमान वाटला, तिचा, आणि थोडा माझाही.

पण घरी आल्यावर मला घास गेला नाही, बाई. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून विचारते. त्या बैठकीच्या दिवशी तुम्हाला घास गेला होता का?